वाचकांचे प्रश्न: बडोद्याचा इतिहास म्हणजे फक्त सयाजीराव का?

मागच्या अंकात बडोदा संस्थानावर गेल्या काही वर्षांत जो रिसर्च झालाय त्यावर लिहिलं होतं, त्यात म्हटलं होतं की अभ्यासक आता राजवाड्याच्या बाहेर पडून कारकून, शाळामास्तर, सावकार, कुळं यांच्याकडे बघायला लागलेत आणि आपण बडोद्याच्या मराठी माणसांनी ते वाचलं पाहिजे. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागाची आहेत, बरीचशी कुतूहलाची. जागेप्रमाणे काही निवडलीत, बाकीची पुढच्या अंकात.

प्रश्न: ताई, मी युनिव्हर्सिटीत इतिहास घेऊन शिकते, घर दांडिया बाजारात. आमचे आजोबा म्हणतात आज बडोद्यात जे काय चांगलं दिसतंय ते सगळं सयाजीरावांनी केलं. वर्गात मात्र ऐकलं की 'प्रोग्रेसिव्ह स्टेट' ही बरीचशी उभी केलेली इमेज होती. घरी हे बोलले तर वाद होतो. नक्की खरं काय मानायचं?

उत्तर: अगं, आजोबा ज्या गोष्टी सांगतात त्या घडलेल्या आहेत, त्यात शंका घेऊ नकोस. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं आणि फुकट प्राथमिक शिक्षण ट्रायल म्हणून सुरू झालं आणि 1906 मध्ये कायदा करून ते सगळ्या राज्यात लावलं, मुलगे 7 ते 12 वर्षांचे आणि मुली 7 ते 10 वर्षांच्या, शाळेत घातलं नाही तर आईबापांना दंड. 1911 मध्ये गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच बिल आणलं तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला होता, आणि ते बिल सरकारने पडू दिलं. बालविवाहाला आळा घालणारा कायदा 1904 चा. 1910 मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन लायब्ररियन आणून गावोगावच्या ग्रंथालयांचं जाळं आणि पेट्यांतून फिरणारी वाचनालयं उभी केली. आपली सेंट्रल लायब्ररी बघितली असशीलच, लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेच्या फरशा, वरचा उजेड खालपर्यंत यावा म्हणून. हे काही इमेजसाठी कागदावर लिहिलेलं नव्हे.

पण वर्गात जे सांगितलं जातं त्यालाही आधार आहे, फक्त 'इमेज' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं कुणीतरी खोटं म्हणतंय, आणि तिथेच वाद सुरू होतो. मनु भगवान यांनी 2003 मध्ये बडोदा आणि म्हैसूर या दोन संस्थानांतल्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, त्यांचं म्हणणं साधारण असं की इंग्रज म्हणायचे आम्ही इथे आहोत कारण तुम्हाला आधुनिक राज्य चालवता येत नाही, आणि या राजांनी तेच आधुनिक राज्य त्यांच्यापेक्षा चांगलं चालवून दाखवलं की इंग्रजांच्या म्हणण्यातली हवाच निघून जाते. म्हणजे शाळा आणि कॉलेज ही शिक्षणाची कामं होतीच, शिवाय ती राजकारणाचीही कामं होती. 2021 मध्ये मनू पिल्लै यांनी राजा रविवर्म्याच्या काळातल्या संस्थानिकांवर लिहिलं, त्यातही बडोद्यावर सविस्तर आहे आणि सूर तोच, की हे राजे म्हणजे नुसते हत्तीघोडे आणि हिरेमाणकं नव्हती, त्यांचं स्वतःचं डोकं चालत होतं. मला हे वाचून सयाजीराव लहान झालेत असं कधी वाटलं नाही, उलट कळलं की ते किती अडचणीच्या जागी उभे राहून काम करत होते, दाराशी रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा दरबारातला प्रतिनिधी, बसलेला, वरती व्हाइसरॉय, आणि 1875 मध्ये आपल्या आधीच्या महाराजांना, मल्हाररावांना, इंग्रजांनी एका फटक्यात गादीवरून उतरवलं हे लहानपणापासून माहीत असलेलं.

आता ज्या भागाबद्दल आपल्या घरांत कमी बोललं जातं तो सांगते. बडोदा संस्थान म्हणजे बडोदा शहर नव्हे. कडी, नवसारी, अमरेली आणि बडोदा असे चार मोठे प्रांत, मध्ये मध्ये इंग्रजांचा मुलूख, आणि रयत जवळजवळ सगळी गुजराती बोलणारी. 1891 च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या 24 लाखांच्या वर होती आणि 1901 मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. दहा वर्षांत जवळपास साडेचार लाख माणूस कमी! मधे छप्पनियाचा दुष्काळ, म्हणजे संवत 1956, आणि त्याच्या पाठोपाठ आलेले रोग. आपल्या मराठी घरांत त्या काळाच्या आठवणी निघतात त्या राजवाड्याच्या, गाण्याबजावण्याच्या, गुजराती शेतकऱ्याच्या घरात छप्पनिया हा शब्द आजही निघतो. पुढे 1904 मध्ये महाराजांनी रमेशचंद्र दत्तांना महसूल खात्यावर आणलं, हे तेच दत्त ज्यांनी इंग्रजांच्या शेतसाऱ्यामुळे दुष्काळ जास्त जीवघेणा होतो असं जाहीर लिहिलं होतं, आणि ते दिवाणपदावर असतानाच 1909 मध्ये बडोद्यात वारले. दुष्काळावर इंग्रजांशी भांडलेला माणूस मुद्दाम बोलावून त्याच्या हातात साऱ्याचं खातं देणं, ही मला त्या कारकिर्दीतली फार मोठी गोष्ट वाटते आणि तिच्याबद्दल आपण जवळपास काहीच बोलत नाही.

तुला एक काम सुचवते. राज्याचे वार्षिक प्रशासकीय अहवाल इंग्रजीत छापले जायचे, ते वाचणार होते इंग्रज अधिकारी आणि बाहेरचे लोक. आणि राज्यातल्या माणसांसाठी 'आज्ञापत्रिका' निघायची, त्यात हुकूम, नेमणुका, बदल्या, नियम. एकच वर्ष घे आणि शाळांबद्दल दोन्हीकडे काय आलंय ते शेजारी ठेवून वाच. अहवालात आकडा दिसेल आणि आज्ञापत्रिकेत तो आकडा गाठायला काय काय हुकूम सोडावे लागले ते दिसेल. आणि हे आजोबांबरोबर बसून कर, त्यांना आवडेल.

प्रश्न: मल्हाररावांनी रेसिडेंटवर खरंच विषप्रयोग केला होता का हो? आमच्याकडे नेहमी दोन तट पडतात.

उत्तर: दोन तट तेव्हाही पडले होते! कर्नल फेअर या रेसिडेंटच्या सरबतात सोमल घातल्याचा आरोप होता, चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तिघे इंग्रज आणि तिघे आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, आपल्या तिघांना नाही. मग एप्रिल 1875 मध्ये सरकारने मल्हाररावांना काढलं ते विषाचं नाव न घेता, गैरकारभाराचं कारण देऊन. अलीकडचे अभ्यासक विष कुणी घातलं यात फार वेळ घालवत नाहीत, ते विचारतात की एका राजावर खटला चालवायचा अधिकार इंग्रजांना दिला कुणी, आणि मला तो प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच गडबडीत आधीच्या खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव, आणि राज्य आलं दिवाण सर टी. माधवरावांच्या हातात. त्यांनी 1881 मध्ये तरुण महाराजांना राज्य कसं चालवावं यावर जी व्याख्यानं दिली ती अलीकडे राहुल सागर यांनी नव्याने संपादित करून आणलीत, अवश्य वाचा. राजाने स्वतःच्या लहरीला कायद्यात कसं बांधून घ्यावं हे इतकं सरळ सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही.

प्रश्न: डॉ. आंबेडकरांना परदेशी शिकायला महाराजांनी पाठवलं, हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच बडोद्यात त्यांना राहायला खोली का मिळाली नाही? राज्याचा नोकर, तोही महाराजांनी शिकवलेला, आणि त्याला रस्त्यावर यावं लागतं हे मला पटतच नाही. कारभाऱ्यांनी मुद्दाम केलं का? (फतेगंजमधील एक वाचक)

उत्तर: दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं फार बरं वाटलं, कारण आपण बहुतेक वेळा पहिला अर्धा भाग सांगून थांबतो.

आधी घडलेलं बघू. 1913 मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला तीन वर्षांची स्कॉलरशिप दिली, महिन्याला 11.5 पौंड, आणि करार असा की परत आल्यावर दहा वर्षं राज्याची नोकरी करायची. ते 1917 मध्ये इथे रुजू झाले. पुढचं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलंय. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते एका पारशी सराईत गेले, तिथला माणूस म्हणाला इथे फक्त पारश्यांना ठेवतो, शेवटी पारशी नाव लिहून, रोजचे दीड रुपये देऊन राहायचं ठरलं. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली आणि बाकी सगळा हॉल अडगळीने भरलेला, अंधार, वटवाघळं, बोलायला माणूस नाही. दिवसभर ऑफिस करायचं आणि रात्री तिथे पुस्तक घेऊन बसायचं, मिणमिणता कंदील लावून. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली कर म्हणाले. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन असे दोन ओळखीचे होते, दोघांनीही घरात घेतलं नाही, प्रत्येकाने आपापलं कारण सांगितलं. मग मुंबईची गाडी रात्रीची होती तोपर्यंत ते कमाटीबागेत, म्हणजे आताच्या सयाजीबागेत, बसून राहिले.

आता तुमचं 'मुद्दाम केलं का'. आंबेडकरांनी लिहिलंय की सरकारी बंगल्यासाठी त्यांचा अर्ज गेलेला होता, पण दिवाणांना त्याची निकड वाटली नाही आणि अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. हे वाक्य मी परत परत वाचते. यात कुणी नकार दिलेला नाही, फाइल फिरत राहिली एवढंच, आणि त्या फिरण्यात एका माणसाचा जीव जाऊ शकला असता. अस्पृश्यतेचा इतिहास लिहिणारे आताचे अभ्यासक नेमकं इथेच बोट ठेवतात, की वरून आलेला हुकूम आणि समोरच्या माणसाला प्रत्यक्ष मिळालेली वागणूक यांच्या मधे कचेरी असते, शेजार असतो, घरमालक असतो, आणि त्या सगळ्यांना जात पाळायला कुठल्या हुकुमाची गरज लागत नाही. न्यूयॉर्कला पैसे पाठवायला महाराजांची सही पुरत होती. बडोद्यात भाड्याची खोली मिळवायला मात्र अख्खं शहर लागत होतं आणि शहर तयार नव्हतं.

शाळांचंही तसंच. अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी, वेगळ्या शाळा 1882-83 च्या सुमारास काढल्या, पण सवर्ण हिंदू मास्तर तिथे शिकवायला जाईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले, पुढे 1908 मध्ये आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना मुद्दाम बोलावून या शाळा त्यांच्याकडे दिल्या. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या कामालाही महाराजांनी मदत केली आणि 1918 मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली तिचे ते अध्यक्ष होते. हे सगळं महाराजांच्या बाजूला खरं आहे आणि वटवाघळांचा तो हॉलही खरा आहे. मला विचाराल तर पहिल्याने दुसरं झाकलं जाऊ नये, तो हॉल ही आपल्या, म्हणजे बडोद्यातल्या सगळ्या सवर्ण समाजांच्या, मराठी घरांसकट, खात्यावरची गोष्ट आहे, आणि ती दिवाणांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. सयाजीबागेत संकल्पभूमी, म्हणजे आंबेडकरांच्या त्या प्रसंगाचं स्मारक, आहे तिथे मुलांना घेऊन जा आणि पूर्ण गोष्ट सांगा, खोलीपासून सुरू करून.

प्रश्न: गायकवाडांच्या जुन्या इतिहासात सारखे अरब येतात, सावकार येतात, आणि एक 'बहांधरी' म्हणून काहीतरी येतं. हे काय प्रकरण आहे? सोपं करून सांगाल का?

उत्तर: प्रयत्न करते, कारण हा भाग एकदा कळला की इंग्रज बडोद्यात आले कसे ते कळतं, आणि ते लढाई जिंकून आले नाहीत.

1800 मध्ये गोविंदराव गायकवाड वारले, गादीवर आनंदराव आले, ते दुबळे, भाऊ कान्होजी भांडायला उभा, कडीचे मल्हारराव (वर आले ते नव्हेत, आधीच्या पिढीतले) वेगळे बिथरलेले. राज्याची खरी ताकद होती पगारी अरब शिबंदीच्या, म्हणजे भाडोत्री फौजेच्या, हातात, किल्ल्याचे दरवाजे त्यांच्याकडे, आणि त्यांचा पगार वर्षानुवर्षं तुंबलेला. पगार द्यायला राज्य कर्ज काढायचं सावकारांकडून, हरिभक्तीसारख्या बड्या पेढ्यांकडून, आणि सावकार म्हणायचा माझे पैसे बुडणार नाहीत याची हमी कोण देतो, तर अरब जमादार द्यायचा. ही हमी म्हणजे बहांधरी. हमी अशी जबरदस्त की ज्याला ती मिळाली त्याच्या अंगाला राजासुद्धा हात लावू शकत नाही.

दिवाण रावजी आपाजींनी मुंबईच्या इंग्रजांना बोलावलं, 1802 मध्ये कंपनीचा मेजर वॉकर आला, त्या वर्षाच्या शेवटी अरबांना शहरात कोंडून बाहेर काढलं, त्यांचा थकलेला पगार चुकता करायला पैसा आला थोडा कंपनीकडून आणि थोडा बडोद्याच्याच सावकारांकडून. आणि बघा, अरब गेले पण बहांधरी गेली नाही, ती कंपनीने आपल्या अंगावर घेतली. आता सावकाराच्या, दिवाणाच्या, बड्या आसामीच्या पाठीशी इंग्रजांची हमी, मग रेसिडेंट रोजच्या कारभारात बोलणार नाही तर काय. पुढची कित्येक वर्षं राजा आणि रेसिडेंट यांची भांडणं याच हम्यांवरून झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या सराफांवर आणि हुंडीच्या धंद्यावर गेल्या तीसेक वर्षांत फार चांगलं काम झालंय, लक्ष्मी सुब्रमण्यम यांचं नाव मुद्दाम सांगते, त्यातून दिसतं की कंपनीचं राज्य फक्त तोफेवर उभं राहिलं नाही, गुजरातच्या पेढ्यांनी तिला उधार दिलं म्हणूनही उभं राहिलं. आपण पेशवे आणि गायकवाड वाचतो पण पेढीचे चोपडे, म्हणजे हिशोबाच्या वह्या, वाचत नाही, ते गुजरातीत आहेत म्हणून. बडोद्यात चार पिढ्या राहून आपल्याला गुजराती वाचता येतं, मग त्याचा उपयोग इथे करायला काय हरकत आहे?

प्रश्न: 1911 च्या दिल्ली दरबारात महाराजांनी पंचम जॉर्ज बादशहाला खरंच पाठ दाखवली का?

उत्तर: रिवाज होता तसे ते पाठ न दाखवता मागे हटत गेले नाहीत आणि मुजरा थोडक्यात आटपला, यावरून विलायतेच्या पेपरांत गदारोळ झाला, मग महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंजला दिलगिरीचं पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. मनात काय होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या आधीची वर्षं बघा म्हणजे जास्त कळेल, अरविंद घोष 1906 पर्यंत इथे नोकरीत होते आणि बडोद्यात क्रांतिकारकांना आसरा मिळतो असा इंग्रजांना दाट संशय होता.

प्रश्न: ताई, माझे पणजोबा हुजूर कचेरीत होते. रावपुऱ्यातलं जुनं घर आता पाडतायत, माळ्यावर मोडी कागदांचे दोन रुमाल निघाले. भाऊ म्हणतो पस्तीवाल्याला देऊ, मुलगा म्हणतो लॅमिनेट करून फ्रेम करू. तुम्ही रिसर्चबद्दल लिहिलं म्हणून विचारते, या कागदांचा कुणाला उपयोग आहे का?

उत्तर: आहे, फार आहे, आणि कृपा करून यातलं काहीही आज करू नका! लॅमिनेट तर अजिबात नको, ती गरम प्लॅस्टिकची पट्टी एकदा चिकटली की कागदापासून सुटत नाही, सेलोटेपही नको. फाटलेलं फाटलेलंच राहू द्या. घड्या कडक झाल्या असतील तर ओढून उघडू नका.

रुमाल सोडताना आधी वरून फोटो काढा, कारण कागद ज्या क्रमाने बांधलेत तो क्रमही माहितीच आहे, पणजोबांनी कशाबरोबर काय ठेवलं त्यावरून पुष्कळ कळतं. मग एकेक कागद स्वच्छ कोरड्या टेबलावर, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, पुढून आणि मागून फोटो. मागची बाजू कोरी वाटली तरी घ्या, पुष्कळदा तिथे दुसऱ्या हाताने शेरा मारलेला असतो. नंबर कागदावर लिहू नका, वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा.

वर्ष शोधायचं असेल तर वरच्या ओळीत बघा, जुन्या मोडी कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत येतो, 'सन सलास अशरीन मयातैन व अलफ' असं काही दिसलं तर तीन, वीस, दोनशे आणि हजार, म्हणजे 1223, त्यात 599 मिळवले की 1822 आणि पुढचं वर्ष 1823, त्या दोन वर्षांमधला तो कागद. पणजोबांच्या काळातले असतील तर संवत किंवा इंग्रजी तारीखही सापडेल. आणि जे कंटाळवाणं वाटतं, नेमणुकीची यादी, अमक्याला इतके रुपये, देवाच्या खर्चाला इतके, श्रावणमास दक्षिणेला कोण बसलं होतं, घोड्याच्या दाण्याला काय पडलं, तेच आज हवंय. महाराजांचं पत्र निघालं तर घरात आनंद होईल हे खरं, पण महाराजांची पत्रं छापून झालीत, महाराष्ट्र शासनाच्या चरित्र साधने समितीने खंडच्या खंड काढलेत. एका कारकुनाचा पगार, त्याचं कर्ज आणि त्याने मुलीच्या लग्नाला घेतलेली उचल कुठेच छापलेली नाही.

मोडी वाचणारी माणसं आपल्या शहरात अजून आहेत, युनिव्हर्सिटीत इतिहास विभागात किंवा प्राच्यविद्या मंदिरात चौकशी करा. कोठीतल्या सरकारी रेकॉर्ड ऑफिसातही गायकवाडी दप्तर आहे, तिथे तुमच्या कागदांशी जुळणारी फाइल निघू शकते, तेव्हा पणजोबांचं पूर्ण नाव, खातं आणि अंदाजे वर्षं लिहून घेऊन जा. मूळ कागद द्यायचे की घरी ठेवायचे ते नंतर भावाबरोबर बसून ठरवा, देणार असाल तर लेखी पोच घ्या आणि फोटोंची एक कॉपी स्वतःकडे ठेवा. तोपर्यंत रुमाल सुती कापडातच बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसात तिथे ओल येते. आणि घर पाडायच्या आधी माळा परत एकदा नीट बघून घ्या, बहुतेक घरांत रुमाल दोनवर थांबत नाहीत.